सहा ते सहा-दहा

ब्रॅडफर्डला, युनिव्हर्सिटीच्या तळघरात,
माझी एक पारदर्शक नळी होती, माझ्या उंचीची.
तळाशी बारीक छिद्रांची चकती, खालून हवा,
चकतीवर साडेचार किलो काचेचे मणी:
लाल राजगिऱ्याएवढे, निळे बारीक रव्याएवढे.
काच एकाच भट्टीची. फरक आकाराचा, बस.

इंग्रजीत ह्याला बेड म्हणतात.
आईला लिहिलं, दिवसभर बेडपाशी उभी असते,
तिनं उलट टपाली विचारलं, कोण आजारी आहे?

हवा थोडी असली की काही घडत नाही.
मणी एकमेकांच्या खांद्यावर बसून राहतात,
वारा फटीफटींतून निघून जातो.
मग व्हॉल्व्हचा आणखी अर्धा आटा,
आणि हवा सगळ्या थराचं ओझं उचलून धरते.
दाबाचा काटा तिथेच थबकतो.
काच पाण्यासारखी वागू लागते.
विल्फ हेगनं एकदा पिंगपाँगचा चेंडू
तळापर्यंत दाबून सोडला, टुणकन वर.

पण हा क्षण सगळ्यांचा एकाच वेळी येत नाही.
निळे आधी हलके होतात, लाल अजून जडच.
बुडबुडा चढताना मागे मूठभर तळ ओढून नेतो,
त्यानं सैल केलेल्या वाटेनं लाल खाली घरंगळतात.
हवा बेताची ठेवली तर अर्ध्या तासात
खाली लाल, वर निळे,
मधे बोटभर जांभळा पट्टा,
ज्याचं माझ्या समीकरणाला काही सुचत नव्हतं.

पुस्तकात दोघांना नावं होती,
बुडत्या जहाजांवरून घेतलेली.
मी वहीत लिहिलं: तरंगे, बुडे.
एकाच आळीतली दोन आडनावं वाटली.

विल्फ डाव्या कानानं ठार बहिरा,
उजव्यानं कॉम्प्रेसरचं दुखणं आदल्या दिवशी ऐकायचा.
आधीची सगळी वर्षं गिरणीत, लोकर विंचरायच्या खात्यात.
"तिथंही हेच," म्हणाला.
"लांब धागे इकडे, आखूड तिकडे.
लांबाचे सूट, आखडाचं नमदा.
मेंढी तीच."

नोव्हेंबरात एका दुपारी वीज गेली.
हवा पूर्ण जोरात होती, सगळे सगळ्यांत उसळत होते,
आणि थर बसला,
परातीत कणीक टाकल्यासारखा आवाज करून.
टॉर्चच्या उजेडात पाहिलं:
वरपासून तळापर्यंत जांभळं.
वेगळं व्हायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

अंधारात विल्फ बोलत राहिला.
दिवसपाळीला आम्ही, रात्रपाळीला मीरपूरचे.
कुठल्या भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.
"सकाळी सहा ते सहा-दहा मात्र
फाटकात एकच गर्दी.
फझलदाद माझ्याच मशीनवरचा, चौदा वर्षं.
त्याचा हात कुठे पडतो
ते मला हँडलच्या झिजेवरून माहीत.
बोलणं म्हणशील तर काडी मागायचो.
कधी तो, कधी मी."

आणि गिरणी बंद झाली तेव्हा?

"ती सावकाश बंद झाली ना," विल्फ म्हणाला.
"आधी रात्रपाळी गेली.
मग आम्हीही आठवड्यातून तीनच दिवस.
काडीपेटी स्वतःची न्यायला लागलो."

दिवे आले. मी व्हॉल्व्हकडे हात नेला.
"थांब. आधी मोजू."
व्हॅक्यूम क्लीनरनं वरून खाली
दोन-दोन सेंटिमीटर थर काढला.
प्रत्येकाला चाळणी, प्रत्येकाला तराजू.
रात्रीचे साडेआठ वाजले, कँटीन कधीच बंद झालेलं.
चौदावा थर:
लाल एकशे अठरा ग्रॅम, निळे एकशे एकोणीस.
विल्फनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

प्रबंधात तो आकडा घेता आला नाही.
वही अजून आहे माझ्याकडे.
शेऱ्याच्या रकान्यात त्याचं तिरकं अक्षर:
वीज गेली. प्रयोग बाद.